बसलेले आठ

चौतीस वर्षं शिट्टी फुंकली कळंबच्या शाळेत.
आता लातूरच्या दवाखान्यात
सिस्टर फरजाना माझ्याच छातीला पट्टा बांधते
आणि म्हणते, मॅडम, चला, पॅडल मारा.

सायकल जागच्या जागी.
समोर भिंत, भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर,
खिडकीतून गंजगोलाईकडचे हॉर्न.
आधी एक नळी रक्त, मग वीस मिनिटं, मग दुसरी नळी.

डॉक्टर पाटोदेकर म्हणाले,
पांढऱ्या पेशी सगळ्या पळत नसतात.
पुष्कळ जणी बसून असतात
रक्तवाहिन्यांच्या कडेला, प्लीहेत, फुप्फुसात.
किती उठल्या, ते बघायचंय.

बसून असतात?
मग खो द्यायचा की त्यांना, सर!

त्यांना कळलं नाही. क्रिकेटवाला माणूस.
मी रिपोर्टाच्या पाकिटावर मैदान काढलं :
दोन खांब, मधली पट्टी, आठ चौकोन,
एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं,
गुडघे दुमडून, चवड्यांवर भार.
बसणं म्हणजे आराम नव्हे,
एवढं शिकवण्यात माझा जून-जुलै जायचा.

माझं दुखणं असं आहे, सर :
आमचीच जर्सी घालून
कुठल्या कुठल्या पोरी मैदानात घुसल्यात.
खेळत नाहीत, दमत नाहीत, घरी जात नाहीत,
नुसती दाटी.
महिन्याला एकदा सलाइनमधून येणारं तुमचं औषध
त्यांच्या पाठीवर खडूनं फुली मारतं.
पण फुली मारली म्हणजे बाद झाली असं नाही.
त्यासाठी कुणीतरी उठावं लागतं.

घरी जाऊबाई कौतिका :
"अक्का, पडून ऱ्हावा.
रगताचं दुखणं हाय, रगत हालवू नका."
तिनं केरसुणीसुद्धा लपवली.
चार महिने ऐकलं मी.
खाटेवर अशी दमले, अशी दमले,
की एका दिवसात तीन सामने खेळूनही
कधी दमले नव्हते.

मग एका पहाटे, ऊन उठायच्या आत,
विजेच्या चौथ्या खांबापर्यंत.
दुसऱ्या दिवशी तिसऱ्यावरूनच परत.
ताप आला की बंद.
प्लेटलेट उतरल्या की सायकलला हात नाही,
फरजाना चावीच काढून ठेवते, जणू सायकल पळून जाईल.

शेजारच्या खुर्चीत औरादचे मन्मथअप्पा.
त्यांचं दुखणं हाडांच्या आत,
बरगड्या भाजल्या पापडासारख्या.
त्यांना पॅडल मना.
ते मूठ उघडतात, मिटतात,
पायाची बोटं हलवतात.
मी त्यांच्यासाठी आकडे मोजते, शाळेच्या आवाजात.
कमी पळणारा कमी शूर, असला हिशेब
माझ्या मैदानावर कधीच नव्हता.

औषध जास्त लागू पडतं का यानं?
नळीत तसं दिसतं, डॉक्टर म्हणाले,
माणसात अजून ठरायचंय.
आणि तासाभरात त्या परत बसतात, हेही सांगून ठेवतो.

बसणारच.
डाव नऊ मिनिटांचा असतो, सर.
उद्या परत डाव.

चौदावं मिनिट. कानामागून घाम.
भेटायला येणारे लांबून सांगतात,
बऱ्या व्हा, बऱ्या व्हा.
लांबून नुसतं ओरडलेला खो
पंच धरत नाही,
पाठीला हात लागावा लागतो.

सतरावं.
मला आठवते येरमाळ्याची सगुणा.
सगळ्यांत उशिरा उठायची,
शाळेनं दोनदा नाव कापलं होतं तिचं.
पण एकदा उठली
की सुटायचं नाही कुणी तिच्या हातून.

आत कुठंतरी, प्लीहेच्या कोपऱ्यात,
ती बसली असेल
तोंड पलीकडं करून,
चवड्यांवर भार,
मागून येणाऱ्या पावलांकडं
कान लावून.

अठरा.
अप्पा, मोजा तुम्ही आता.
मला दम लागलाय.